भेगेवरचं लिंपण

सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी चांगुणानं घराची मागची भिंत लिंपली आणि आपल्याच हातानं आपलं घर यादीतून पुसून टाकलं. तेव्हा ते तिला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते. घट बसताना ज्या घराच्या भिंतीला पोपडे दिसतील, त्या घरच्या सुनेचं नाव वर्षभर पाणवठ्यावर निघायचं, हा उंबरकड्याच्या वाडीचा कायदा. डोंगर अंगावर येऊन आठ दिवस झाले होते, तरी तो कायदा काही मोडला नव्हता.

भेग चांगली दोन बोटं रुंद होती. कोनाड्याच्या कोपऱ्यातून निघून ती तिरकी खाली जमिनीपर्यंत गेली होती. चांगुणानं पांढऱ्या मातीत शेण आणि ज्वारीचं भुसकट घालून गोळा मळला. आधी भेगेत दगडाच्या कपच्या ठोकल्या, मग बोटांनी माती आत दाबली, आणि वरून सगळ्या भिंतीवर तळहातानं असा गुळगुळीत हात फिरवला, की भेग कुठं होती ते तिचं तिलाही सापडलं नसतं. कामाला ती वाघीण होती. पंचक्रोशीत तिच्यासारखं लिंपण कुणाचं नव्हतं, आणि हे तिला ठाऊक होतं.

"आता कशी भित दिसती," सासू सरुबाई उंबऱ्यात बसून म्हणाली. "देवीला तोंड दाखवायसारकी."

"आत्याबाई, वली हाय अजून. हात लावू नगा."

डोंगराला दोष देण्यात अर्थ नव्हता. गेल्या साली, दुष्काळात, वाडीनं तो डोंगर अक्षरशः खाल्ला होता. आधी झाडांचा पाला जनावरांना घातला. मग फांद्या तोडल्या. मग बुंधे आणि मुळंसुद्धा खणून भूमच्या बाजारात सरपण म्हणून विकली. खडी फोडायचं काम निघालं तेव्हा दगड लांबून कोण आणणार, म्हणून डोंगराच्या पायथ्याचाच काढला. चांगुणानंही तिथं सहा महिने हातोडी चालवली होती, नवरा कोंडिबाही होता. पोट भरलं. पण डोंगराच्या पोटाचं काय झालं, ते बघायला कुणाला सवड होती?

यंदा पावसानं मागची सगळी उणीव भरून काढली. भादव्याच्या शेवटी चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी सकाळी उघडीप झाली म्हणून माणसं शेताकडं गेली, आणि म्हणून वाचली. दहाच्या सुमाराला डोंगराची कूस सुटली. वाडीच्या उगवतीची सहा घरं माळवदांसकट मातीखाली गेली. चांगुणाच्या समोरच्या घरचे दादामियाँ तेवढे म्हातारपणामुळं बाजेवर होते. ते बाजेसकट गेले. मावळतीची चार घरं उभी राहिली, आणि त्यातलं ढिगाऱ्याच्या कडेचं पहिलं घर कोंडिबाचं.

सहा घरांची माणसं आता कोसभर खाली, चिंचगावच्या शाळेत पडली होती. सरकारातून धान्य आलं. तांबडी मिलो ज्वारी आली, घरटी एक घोंगडी आली, रॉकेल आलं. देणाऱ्यांनी मनापासून दिलं. पण सबंध ज्वारी दिली, ती दळायची कशावर, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. सहाच्या सहा जाती ढिगाऱ्याखाली. गावातल्या चक्कीचं इंजिन पुरात बुडालेलं. दोन दिवस बायांनी मिलोच्या घुगऱ्या शिजवल्या, तर पोरांची पोटं बिघडली. गावातल्या बायांनी मग आपली जाती दिली, नाही असं नाही. पण नवरात्र जवळ आलं तशी घराघरांत धुणीपुसणी सुरू झाली. हमिदाबी टोपलं घेऊन धुरपताबाईच्या दारात गेली, तेव्हा धुरपताबाईनं दारातूनच सांगितलं, "जातं धुऊन ठिवलंय माय. आता दसऱ्याच्या म्होरं ये."

हमिदाबी दादामियाँची सून. तिनं टोपलं उचललं आणि डोंगर चढून वर आली. दुसऱ्या दिवशी तिच्या मागं आणखी चौघी आल्या. वाडीत चांगुणाचं जातं घरातल्या घरात, मधल्या खणात रोवलेलं होतं. सकाळपासून दुपारपर्यंत ते फिरत राहायचं.

अमावास्येलाही हमिदाबी आली. ओल्या भिंतीकडं बघून ती दारातच थबकली.

"सरुमावशी, तुमचं सोवळं असंल तर म्या भाईर बसते."

"कसलं सोवळं," सरुबाई म्हणाली. "चाळीस साल तुजा सासरा माज्या दारातलं ताक पिऊन गेला. दळ. ह्या मिलोचं पीठ कुनी बी दळलं तरी तांबडंच पडतंय."

हमिदाबी खाली बसली. चांगुणा हात धुऊन तिच्या समोर बसली आणि दोघींनी खुंटा धरला. दळताना बायका एरवी गातात. त्या आठ दिवसांत कुणी गायलं नव्हतं.

"चांगुणा," जरा वेळानं हमिदाबी म्हणाली, "ती भित फाटली व्हती न्हवं परवा?"

"व्हय. लिंपली."

हमिदाबीनं मान वर करून भिंतीकडं पाहिलं, मग मूठभर दाणे जात्याच्या तोंडात टाकले.

घट बसले त्या दिवशी दुपारी तलाठी आला. घामाघूम झाला होता बिचारा. बगलेत वही, पायात चिखलानं जड झालेल्या वहाणा. माणूस वाईट नव्हता. तीन दिवस तो वाडी, शाळा, गायरान असा फिरत होता. ज्यांची घरं पडली किंवा राहायजोगी उरली नाहीत, त्यांची यादी करायची होती. त्यांना चिंचगावच्या गायरानावर पत्र्याच्या खोल्या मिळणार होत्या. शनिवारी यादी भूमला जाणार आणि पुढं तिच्यात बोट घालता येणार नव्हतं.

कोंडिबानं घोंगडी अंथरली. चांगुणानं गुळाचा चहा ठेवला. पदर कपाळावर ओढून ती चुलीशी बसली, पण कान बाहेर होते. आठ दिवस तिला झोप नव्हती. सात वर्षांची तुळजा मागच्या भिंतीला पाठ लावून झोपायची, आणि चांगुणा रोज तिला हळूच पुढं ओढून घ्यायची. या यादीत नाव लागलं की पोर पत्र्याखाली का होईना, डोंगरापासून लांब झोपेल, एवढंच तिच्या मनात होतं.

तलाठी आत आला. कोनाड्याखाली घट होता. पत्रावळीवर काळी माती, मातीत पेरलेलं धान्य, वर पाण्यानं भरलेलं मडकं, त्यावर कारळ्याच्या पिवळ्या फुलांची पहिली माळ. बाजूला समई. त्यामागं चांगुणानं लिंपलेली भिंत, पांढरी स्वच्छ. तलाठ्यानं हात जोडले.

"घर झकास ठेवलंय की, कोंडिबा," तो म्हणाला.

झालं, कोंडिबाची छाती फुगली. "बानं बांधलंय सायेब. डोंगर आला, पर हाललं न्हाय."

"मग शाबूत लिहितो."

चुलीशी चांगुणाच्या हातातलं फुंकणीचं नळकांडं थांबलं. परक्या पुरुषापुढं, सासूच्या देखत बोलायची तिला सवय नव्हती. तरी ती बोलली, "भितीला भेग हाय."

"कुठं?"

तिनं हात केला. तलाठी भिंतीजवळ गेला, वाकला, इकडून तिकडून पाहिलं. मग त्यानं कोंडिबाकडं पाहिलं आणि दोघंही हसले.

"बाई, अशी भेग माझ्या घराला असती तर बरं झालं असतं," तलाठी म्हणाला. "ज्यांचं खरंच गेलंय त्यांना मिळू द्या. उगं यादी वाढवायची नाही."

चांगुणाचे कान तापले. फुकटच्या खोलीसाठी खोटं बोलणारी बाई, असं आपण दिसलो, हे तिच्या मनाला फार लागलं. तलाठी चहा पिऊन गेला. कोंडिबानं त्याला पाणंदीपर्यंत पोचवलं आणि परत येऊन बायकोवर डाफरला.

"काय गरज व्हती? दुस्काळात खडी फोडताना टोपल्यात सुकडी घ्यायला रांगंत हुबं ऱ्हायलो, त्ये पुरं न्हाय झालं का? आता शाळंच्या वट्यावर बसून शिदा मागायचा?"

"पर तिथं भेग व्हती. तुमी बी बगितली व्हती."

"व्हती. आता हाय का?"

देवीपुढं भिंत फाटकी दिसू नये म्हणून या प्रश्नाचं उत्तर चांगुणानं स्वतःच बुजवून टाकलं होतं.

दुसऱ्या माळेला लिंपण वाळलं. वाळलेल्या लिंपणाला बारीक तडे जातातच, पण ते चारी बाजूंनी, शेतातल्या ढेकळाला जातात तसे. हा तडा तसा नव्हता. केसाएवढा होता, पण कोनाड्याच्या कोपऱ्यातून निघून सरळ तिरका खाली आला होता. चांगुणानं नखानं चाचपून पाहिला. कुणाला सांगितलं नाही. एकदा हसं झालं तेवढं बास होतं.

तिसऱ्या माळेला तिनं टोपल्यातला मिलोचा एक दाणा घेतला आणि त्या तड्याला लावून अंगठ्यानं दाबला. दाणा अडकून बसला. दिवसभर दळता दळता तिची नजर तिकडं जायची. तांबडा दाणा पांढऱ्या भिंतीत बसलेला दिसायचा.

चौथ्या माळेला सकाळी दाणा तिथं नव्हता. ती खाली शोधायला वाकली. जमिनीवर नव्हता. तिनं दुसरा दाणा घेऊन तड्यावर ठेवला. तो ठरलाच नाही, सरळ आत गेला आणि भिंतीच्या पोटात कुठंतरी टपकन पडल्याचा आवाज आला.

तिनं कोंडिबाला बोलावून तिसरा दाणा टाकून दाखवला. त्यानं ऐकलं. चेहरा उतरला त्याचा, पण तोंडानं म्हणाला, "वाळताना फाकतंय त्ये."

"वाळताना भाईरून फाकतंय. आतून पोकळ कसं व्हईल?"

"बरं, आन काय करायचं? घट बसलाय. दसऱ्यापत्तूर आई हालायची न्हाय. आईला सांगून बग तू."

चांगुणानं सांगून पाहिलं. सरुबाई घटापुढं बसून माळ ओवत होती. तिनं सुनेकडं पाहिलंही नाही. "माज्या सासूनं बसवला, तिच्या सासूनं बसवला. बसल्याला घट नऊ दिस हालत न्हाय. रझाकाराच्या वक्ताला सारा गाव रानात पळाला, तवा बी आमी घटापाशी दोघी बसून व्हतो. तिला ठिवायचं असंल तर ठिवील, न्यायचं असंल तर नीईल."

"आन तुळजाला?"

सरुबाईचा हात थांबला.

पाचव्या माळेला, शुक्रवारी, हमिदाबी दळायला आली ती बातमी घेऊनच. गायरानावर एक तरणा ओव्हरसियर आला होता आणि फक्कीनं खोल्यांचे चौकोन आखत होता. यादी उद्या जाणार होती.

चांगुणानं खुंटा सोडला. अर्धं दळण जात्यात तसंच राहिलं.

"भाबी, तू दळ. म्या जाऊन येते."

"येकली?"

"मग कुनाला नीऊ? सारे हसत्यात."

हमिदाबी उठली. तिनं पिठाचे हात लुगड्याला पुसले. "चल. दोघींना हसू दे."

कोसभर उतार दोघी पळतच उतरल्या. चिखलात चांगुणाची एक वहाण तुटली, ती तिनं हातात घेतली. शाळेपुढच्या लिंबाखाली टेबल टाकून तलाठी बसला होता. ओव्हरसियर शेजारी उभा राहून नकाशा बघत होता. मिशीही नीट न फुटलेला, सातारकडचा मुलगा. आजूबाजूला शाळेत उतरलेली माणसं होती. चांगुणाला पाहताच तलाठ्यानं ओळखलं.

"बाई, तुमचं मी बघितलंय. शाबूत आहे."

चांगुणानं तुटकी वहाण खाली टाकली आणि पदर नीट घेतला. "सायेब, तुमचं बी खरं हाय. भेग व्हती, ती म्या लिंपली. घट बसायचा व्हता म्हनून लिंपली. चूक माजी. पर आता लिंपन फाटलंय, आदी केसायेवढं. परवा दाना बसत व्हता, काल आरपार गेला."

माणसांत खसखस पिकली. वाडीचाच बंडप्पा तिथं मीठ न्यायला आला होता. त्याचं घर चांगुणाच्या पलीकडचं. तो म्हणाला, "लिंपन कच्चं असंल, वैनी."

चांगुणाला इतका राग कधी आला नव्हता. "माजं लिंपन कच्चं?" ती वळून म्हणाली. "तुमच्या माळवदाला धा साल झाली, बंडप्पा. कोन लिंपून गेलं व्हतं? फाटलं का?"

ओव्हरसियरनं नकाशावरून मान वर केली होती.

"लिंपलं कधी?" त्यानं विचारलं.

"अवसंला."

"आज पाचवी माळ. म्हणजे सहा दिवस." त्यानं हातातली पेन्सिल कानाला लावली. "आणि फट आधी केसाएवढी, मग दाण्याएवढी, मग त्याहून मोठी. हे तुम्ही रोज बघत होतात?"

"रोज."

तो तलाठ्याकडं वळला. "अण्णासाहेब, आम्ही धरणाच्या भिंतीला भेग दिसली की तिच्यावर मुद्दाम गिलाव्याची पट्टी मारतो. पट्टी फुटली की समजायचं, भेग जुनी नाही, चालती आहे. या बाईंनी तेच केलंय." मग तो चांगुणाला म्हणाला, "चला, दाखवा."

वाडीत पोचल्यावर त्यानं भिंतीच्या तड्यात पेन्सिल घातली. ती अर्धी आत गेली. तो घराच्या मागं गेला. तिथं कोंडिबानं कडब्याची गंजी रचली होती. तिच्या पलीकडं, गवतात, जमीन हातभर फाटलेली होती आणि ती फट डोंगराच्या कडेनं चारही घरांच्या मागून गेली होती. कडब्यानं आणि गवतानं ती आजवर झाकलेली राहिली, एवढंच.

ओव्हरसियर म्हणाला, "दिवस मावळायच्या आत चारही घरं रिकामी करा. सामान जाऊ द्या, माणसं आणि जनावरं आधी."

वाडीत एकच धावपळ उडाली. बंडप्पानं बैल सोडले. कोणी भांडी बाहेर काढली, कोणी बाजा. फक्त सरुबाई घटापुढून उठली नाही.

कोंडिबानं हात जोडले. ओव्हरसियरनं समजावलं. तलाठी धापा टाकत मागून आला होता, त्यानंही समजावलं. म्हातारी दगडासारखी बसून होती. शेवटी हमिदाबी आत आली आणि घटापासून जरा लांब, जात्याशी बसली.

"मावशी, त्या दिवशी म्या शेताला निगाले तवा सासऱ्याला म्हनलं, बाबा, भाईर चला, वट्यावर बसा, ऊन पडलंय. तर म्हनले, जरा ऊन चांगलं पडू दे, मग उठतो." तिनं खुंट्यावर हात ठेवला. "म्या दोनदा न्हाय म्हनलं. मोठ्या मान्साला कितींदा म्हनायचं, आसं वाटलं. म्हनायला पायजे व्हतं, मावशी."

सरुबाईनं समईकडं पाहिलं. मग म्हणाली, "कोंडिबा, कंदील आन."

तिनं समईच्या ज्योतीवर कंदिलाची वात पेटवली, म्हणजे देवीचा दिवा विझला असं व्हायला नको. मग घटाकडं हात नेला, पण मधेच तो मागं घेतला.

"मला न्हाय व्हनार. जल्मात कदी केलं न्हाय," ती सुनेला म्हणाली. "भित तू लिंपलीस, सायबाला तू आनलंस. आता घट बी तूच उचल. काय पाप असंल त्ये तुज्या माथी."

चांगुणा घाबरली. पण दारात तुळजा उभी होती, तिच्याकडं तिनं पाहिलं आणि वाकली. पत्रावळीखाली सूप सारलं. मातीतून बोटभर पिवळे कोंब वर आले होते. घट डोक्यावर घेऊन ती उंबऱ्याबाहेर पडली. पुढं लख्ख उन्हात पेटता कंदील घेतलेली सरुबाई, मागं चांगुणा, तिच्या मागं जात्याच्या दोन तळ्या बल्लीला बांधून खांद्यावर घेतलेले कोंडिबा आणि ओव्हरसियरबरोबर आलेला मजूर. जातं न्यायचं हे हमिदाबीनं ठरवलं होतं. तिनं त्यासाठी तलाठ्याशी भांडणही काढलं होतं.

शाळेत तिसरीच्या वर्गात, पाढे लिहिलेल्या फळ्याखाली घट बसला. तलाठ्यानं वही उघडली. त्यानं 'शाबूत'वर काट मारली आणि माणसं विचारली. कोंडिबानं चार नावं सांगितली.

"आन देवी," सरुबाई म्हणाली.

"देवीचं नाव कसं लिहू, आजी?"

"ती काय घरात ऱ्हायली का? ती बी निगालीच की आमच्यासंगं."

तलाठी हसला नाही. वहीत त्यानं काय लिहिलं ते कुणी पाहिलं नाही, पण काहीतरी लिहिलं.

सहावी माळ गेली, सातवी गेली. कडक ऊन पडत होतं. डोंगर मुकाट उभा होता आणि त्याच्या पायथ्याला चारही घरं जशीच्या तशी होती. शाळेच्या वट्यावरून ती दिसायची. माणसांची कुजबुज सुरू झाली. एका बाईच्या लिंपणापायी चार घरं उठली, असं बंडप्पा म्हणायला लागला. घट हलवलेल्या घराचं बरं होत नाही, असं धुरपताबाई पाणी भरताना म्हणाली, चांगुणाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. सरुबाई सुनेशी एक शब्द बोलली नव्हती. चांगुणा दिवसभर वट्यावर सगळ्यांचं दळण दळायची आणि वर बघायची. आपलं चुकलं की काय, असं तिलाही वाटायला लागलं. घर पडावं असं कुठल्या बाईला वाटेल? पण नाही पडलं तर जन्मभर मान वर करता येणार नव्हती.

सातव्या माळेच्या दिवशी, दिवस मावळताना, कोंडिबा म्हणाला, "बास झालं. बंडप्पा उद्या सकाळी निगालाय. आपन बी जाऊ. घट घिऊन जाऊ, दसरा आपल्या घरात करू."

चांगुणानं जातं थांबवलं. ती काही बोलायच्या आत सरुबाई आतून म्हणाली, "घट कोन हालवतंय?"

"आई, नीलाच की आपन हितं."

"येकदा नीला. देवीनं सोसलं. आता हितं बसलाय, आता हितनंच उठल. दसऱ्याबिगर ह्या घटाला कुनी हात लावला तर माजं मेल्यालं तोंड बगाल. आन घट हितं असताना घरचा मानूस दुसरीकडं जेवत न्हाय, झोपत न्हाय. बंडप्पालाबी सांग. त्याच्यात घट बसत न्हाय, त्याची माळ याच घटाला चढती."

कोंडिबानं कपाळाला हात लावला. ज्या हट्टानं म्हातारी वरून उठत नव्हती, त्याच हट्टानं आता ती खालून उठत नव्हती. त्यापुढं कोणाचं चालणार होतं? बंडप्पाही चरफडत राहिला.

आठव्या माळेला दुपारी चांगुणा आणि हमिदाबी वट्यावर दळत होत्या. पावसाचा थेंब नव्हता. आधी जात्याची खालची तळी थरथरली. चांगुणाला वाटलं, दाणा अडकला. मग आवाज आला, लांबून, पोटातून आल्यासारखा, आणि सगळी शाळा बाहेर धावली. डोंगराची उरलेली कूस सावकाश खाली येत होती. घाई नव्हती तिला. मावळतीची चारही घरं तिनं एकामागून एक घेतली, आधी कोंडिबाचं. धूळ वर चढली आणि बराच वेळ तशीच राहिली.

कोंडिबा वट्यावर बसून लहान पोरासारखा रडला. बंडप्पानं दोन्ही बैलांच्या गळ्यात हात टाकले. चांगुणाला रडू आलं नाही. तिला ती भिंत दिसत होती, तिच्या हाताची, पांढरी, आणि तिच्या पोटात पडलेले मिलोचे दाणे. त्या घरात ती सून म्हणून आली होती, तुळजा तिथंच झाली होती. मग ती जात्याशी बसली. हमिदाबीनं तिला धरलं.

दसऱ्याला घट उठला. कोंब वीतभर वाढले होते. पिवळे, नाजूक, उजेड न मिळालेले. वाडीची आणि गावचीही माणसं वर्गात जमली. तलाठी आला होता, धुरपताबाईही पुरणाचं ताट घेऊन आली होती. घटाचं धान पहिल्यांदा घरच्या कर्त्याच्या पटक्यात खोचायचं, हा रिवाज. कोंडिबा पटका सावरून घटापुढं वाकला. सरुबाईनं मूठभर कोंब मुळासकट उपटले, माती झटकली, आणि वाकलेल्या लेकाला वळसा घालून ती वट्यावर गेली.

वट्यावर चांगुणा दळत होती. चाळीस माणसांचं सणाचं पीठ होतं, तिला उठायला फुरसत नव्हती. सासू मागं येऊन उभी राहिली तशी तिनं खुंटा सोडला.

"उठू नगंस," सरुबाई म्हणाली. तिनं सुनेच्या डोक्यावरचा पदर जरा मागं सारला आणि कोंब तिच्या अंबाड्यात खोचले. "पाप तुज्या माथी म्हनले व्हते म्या. त्ये माघारी घेते."

उरलेल्यातले चार कोंब तिनं समोर बसलेल्या हमिदाबीच्या हातात दिले. मग ती आत गेली. कोंडिबा अजून तसाच वाकून उभा होता.

चांगुणानं डोळे पुसले, तर गालाला तांबडं पीठ लागलं. हमिदाबीनं कोंब कानामागं अडकवले, मूठभर दाणे जात्यात टाकले आणि खुंट्यावर हात ठेवून वाट बघत बसली. चांगुणानं तिच्या हाताशेजारी हात ठेवला. दोन फेरे झाल्यावर हमिदाबी अगदी हळू आवाजात ओवी म्हणायला लागली.